दुखण्याची भाषा : वेल्समधील एक जुना वाद

माणूस आजारी पडला की त्याला काय हवे असते? डॉक्टर हवा, औषध हवे, गरज पडली तर रुग्णालयात खाट हवी. आणि या सर्वांची किंमत खिशाला झेपेल एवढीच हवी. एवढे झाले की काम भागले, असे आपण म्हणतो. पण डॉक्टरपुढे बसल्यावर आपण पहिली गोष्ट कोणती करतो? बोलतो. कुठे दुखतं, कसं दुखतं, कधीपासून दुखतं, ते सांगतो. आपल्या मराठीत त्यासाठी केवढे शब्द आहेत, पाहा! डोके ठणकते, पोटात कळ येते, पाठीत चमक भरते, डोळे चुरचुरतात, अंग मोडून येते. यांतला एकेक शब्द निराळे दुखणे सांगतो. हेच सगळे परक्या भाषेत सांगायची पाळी आली, तर? आणि तेही सत्तरी ओलांडल्यावर, तापाच्या ग्लानीत?

हा प्रश्न कोणाला क्षुल्लक वाटेल. परंतु ब्रिटनच्या पश्चिम अंगाला असलेल्या वेल्स या डोंगराळ देशात त्यावरून पिढ्यान् पिढ्या वाद झाले, कायदे झाले आणि पुन्हा वाद झाले. ज्या देशाने ब्रिटनला सार्वजनिक आरोग्यसेवेचा आदर्श दिला, त्याच देशात रोग्याच्या भाषेचा प्रश्न सर्वांत उशिरा विधिमंडळापुढे आला. असे का झाले, ते समजून घेण्यासारखे आहे.

वेल्सची भाषा वेल्श. ती इंग्रजीची बोली नव्हे. तिचे कूळच निराळे, केल्टिक. इंग्लंडच्या राजसत्तेने वेल्स आपल्या राज्यव्यवस्थेत सामील करून घेतले, तेव्हा १५३६ च्या कायद्याने कोर्टकचेरीची भाषा इंग्रजी ठरवली आणि वेल्श बोलणाऱ्याला सरकारी अधिकारपदे बंद केली. भाषा मात्र मेली नाही. ती घरात राहिली, शेतावर राहिली, प्रार्थनामंदिरात राहिली. कवितांच्या आणि गाण्यांच्या ज्या मेळाव्याला तिथे आइस्तेदवोद म्हणतात, त्यात ती दरवर्षी मानाने मिरवत राहिली. १९११ च्या शिरगणतीत वेल्समधील सुमारे पावणेदहा लाख लोकांनी आपल्याला वेल्श येते असे सांगितले. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण शेकडा त्रेचाळीसहून अधिक होते. म्हणजे घरात एक भाषा आणि कचेरीत दुसरी, असा हा संसार चालला होता. डॉक्टरचा दवाखाना घराकडे धरायचा की कचेरीकडे, हे कोणी ठरवलेच नव्हते.

दक्षिण वेल्सच्या दऱ्यांत कोळसा सापडला आणि तिथले जीवन पालटून गेले. खेड्यांची गावे झाली, इंग्लंडातून आणि आयर्लंडातून मजूर आले. खाणीत अपघात रोजचे, आणि अपघातातून वाचलेल्याला कोळशाची धूळ सोडत नसे. सरकार तेव्हा आजाऱ्याची फारशी फिकीर करीत नसे. मग झालं काय? मजुरांनी आपली सोय आपणच केली.

ट्रेडेगार नावाचे एक गाव आहे. तिथे १८९० च्या सुमारास कामगारांनी एक वैद्यकीय साहाय्य संस्था उभी केली. खाणीतल्या आणि लोखंडाच्या कारखान्यातल्या मजुराने आपल्या पगारातून पौंडामागे तीन पेन्स द्यायचे. जुन्या हिशेबाने पौंडाचे पेन्स दोनशे चाळीस, म्हणजे हा ऐंशीवा हिस्सा झाला. त्याच्या बदल्यात त्याला आणि त्याच्या बायकामुलांना डॉक्टर, औषध, रुग्णालय, सर्व काही मिळे. डॉक्टर संस्थेचे नोकर, आणि संस्था मजुरांची. बहुतेक सगळे गाव या छत्राखाली आले. ए. जे. क्रोनिन हे पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले डॉक्टर १९२१ ते १९२४ या काळात याच संस्थेच्या नोकरीत होते. त्यांच्या ‘द सिटाडेल’ या १९३७ च्या कादंबरीमागे त्या दिवसांचा अनुभव आहे.

याच गावात १८९७ साली अनायरिन बेव्हन यांचा जन्म झाला. वडील डेव्हिड हे खाणीतले मजूर, वेल्श बोलणारे आणि वेल्श गाण्यांचे व काव्याचे भक्त. मुलाला मात्र वेल्श बोलता येत नसे. ट्रेडेगारच्या रस्त्यावर तोवर इंग्रजी आली होती. तेराव्या वर्षी अनायरिन खाणीत उतरले. १९२५ साली वडील कोळशाच्या धुळीने फुफ्फुसे निकामी होऊन वारले. त्या काळच्या कायद्यात हा रोग धंद्यातला म्हणून धरलेला नव्हता, तेव्हा नुकसानभरपाईचा एक पेनीही घरात आला नाही. तरुण बेव्हन यांनी गावच्या रुग्णालयाच्या समितीवर काम केले आणि १९२९ साली एबू व्हेल मतदारसंघातून ते पार्लमेंटात गेले. हा सारा तपशील सांगायचा तो एवढ्यासाठी की, पुढे या गृहस्थाने जे केले आणि जे केले नाही, त्या दोन्हींची मुळे इथे आहेत.

बेव्हन यांच्या आधी आणखी एका वेल्श माणसाने आरोग्याच्या कायद्याला हात घातला होता. ते म्हणजे डेव्हिड लॉईड जॉर्ज. त्यांची बोलण्याची भाषा वेल्श. १९११ साली त्यांनी राष्ट्रीय विम्याचा कायदा आणला. आजारी कामगाराला विम्याचा पैसा आणि डॉक्टर मिळण्याची ती सुरुवात. या कायद्याने विम्याचा कारभार पाहण्यासाठी वेल्सला स्वतःचा वेगळा आयोग मिळाला. १९१९ साली त्याच्या जागी वेल्सचे आरोग्य मंडळ आले. आरोग्याच्या निमित्ताने वेल्स हा कारभाराचा वेगळा घटक ठरला, ही गोष्ट लहान नव्हती. तिकडे क्षयरोगाने तर या देशात कहर केला होता. डेव्हिड डेव्हिस या धनिकाच्या पुढाकाराने १९१० साली क्षयाशी लढण्यासाठी सबंध वेल्सची एक संस्था निघाली. तरीही १९३९ साली क्लेमेंट डेव्हिस समितीचा अहवाल आला, तेव्हा क्षयाने होणाऱ्या मृत्यूंच्या बाबतीत वेल्समधील ग्रामीण जिल्ह्यांची स्थिती पाहून लोक हादरले. कोंदट घरे, वाईट पाणी आणि निष्काळजी स्थानिक कारभार यांवर समितीने बोट ठेवले. यांतले बरेच जिल्हे वेल्श बोलणारे होते.

आता आपण १९४४ सालात येऊ. महायुद्ध चालू होते. त्या वर्षी १७ ऑक्टोबरला कॉमन्स सभेने केवळ वेल्सच्या प्रश्नांसाठी म्हणून पहिल्यांदाच एक दिवस राखून ठेवला. चर्चेला तोंड फोडले मेगन लॉईड जॉर्ज यांनी. डेव्हिड लॉईड जॉर्ज यांच्या त्या कन्या. वेल्सच्या सभासदांना वाटले, चला, आपले वेगळेपण मान्य झाले. पण बेव्हन उठले आणि त्यांनी या उत्साहावर पाणी ओतले. वेल्सच्या डोंगरावर मेंढ्या आहेत, वेस्टमोरलंडच्या डोंगरावर आहेत, स्कॉटलंडातही आहेत. या मेंढ्यांमध्ये फरक काय, तो मला कळत नाही, अशा अर्थाचे ते बोलले. खाणमजुराचे दुखणे वेल्समध्ये जे, तेच इंग्लंडात. मग उपाय वेगळा कशाला? असा त्यांचा रोख होता.

मेंढ्यांचा हा विनोद वेल्सला फार झोंबला. पण बेव्हन यांची बाजूही नीट ऐकली पाहिजे. दरीतल्या मजुरापाशी पैसा नव्हता, तो लंडनपाशी होता. वेल्सने आपले घरटे वेगळे केले असते, तर गरिबांनी गरिबांचा भार वाहिला असता. शिवाय त्यांच्या पूर्वेकडच्या भागात इंग्रजी बोलणारे मजूर पुष्कळ. उद्या भाषेची अट घातली की नोकऱ्या आणि सत्ता वेल्श जाणणाऱ्या थोड्यांच्या हाती जातील, ही धास्ती तिथे होती आणि ती अगदीच पोकळ नव्हती.

१९४५ साली मजूर पक्ष सत्तेवर आला आणि बेव्हन आरोग्यमंत्री झाले. त्यांचे राष्ट्रीय आरोग्यसेवेचे विधेयक कॉमन्स सभेपुढे आले, तेव्हा हुजूर पक्षाने कडाडून विरोध केला. डॉक्टरांची संघटनाही विरोधात उभी राहिली. २ मे १९४६ रोजी दुसऱ्या वाचनाला ३५९ विरुद्ध १७२ मते पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात कायदा झाला आणि ५ जुलै १९४८ पासून सेवा सुरू झाली. ट्रेडेगारच्या मजुरांनी आपल्यापुरते जे केले, तेच आता साऱ्या ब्रिटनसाठी झाले. तसे बेव्हन स्वतः सांगतही असत. ऐंशीव्या हिश्शाची जागा सरकारी तिजोरीने घेतली, एवढाच फरक.

यात एक गंमत पाहा. ज्या बेव्हन यांना वेल्सच्या आणि इंग्लंडच्या मेंढ्यांत फरक दिसत नव्हता, त्यांच्याच कायद्याखाली इंग्लंड आणि वेल्स मिळून रुग्णालयांची चौदा प्रादेशिक मंडळे झाली, आणि त्यांतले एक संपूर्ण वेल्ससाठी होते. उत्तर वेल्सच्या लोकांना कार्डिफपेक्षा लिव्हरपूल जवळ; रस्ते आणि आगगाड्याही तिकडेच जाणाऱ्या. तरी वेल्सचे दोन तुकडे केले नाहीत. पुढे १९४७ साली एका लेखात बेव्हन यांनी वेल्सच्या संस्कृतीचे वेगळेपण मानले. १९५८ साली त्यांच्या एबू व्हेलमध्ये आइस्तेदवोद भरला, तेव्हा अमेरिकेचे थोर गायक पॉल रोब्सन यांच्यासमवेत बेव्हनही तिथे होते. संस्कृतीवर त्यांचा राग नव्हता. रोग्याच्या उपचाराशी तिचा संबंध आहे, एवढे मात्र त्यांच्या कायद्याने धरले नाही. डॉक्टर फुकट मिळाला. तो कोणत्या भाषेत बोलेल, याविषयी कायदा मुका होता.

भाषेची बाजू दुसरीकडून पेटली, आणि ती पेटवली एका रेडिओ भाषणाने. १३ फेब्रुवारी १९६२ रोजी नाटककार सॉन्डर्स लुईस यांनी बी.बी.सी.वरून वेल्श भाषेत व्याख्यान दिले. विषय होता भाषेचे भवितव्य. अशीच घसरण चालू राहिली, तर एकविसावे शतक उजाडता उजाडता ही भाषा जिवंत राहणार नाही, असा इशारा त्यांनी दिला. उपाय काय, तर सरकारी आणि स्थानिक कारभार वेल्शवाचून चालणार नाही असे करून सोडायचे. त्यांनी उदाहरण दिले ते लांगेनेख गावच्या ट्रेव्हर आणि आयलीन बीझली या जोडप्याचे. घरपट्टीची मागणी वेल्शमध्ये आल्याशिवाय ती भरणार नाही, असे या दोघांनी १९५२ साली ठरवले. कोर्टाच्या फेऱ्या झाल्या, जप्ती आली, घरातला पियानोसुद्धा गेला. १९६० साली एकदाची दोन भाषांतली पावती हाती आली. आठ वर्षं, एका कागदासाठी! या व्याख्यानानंतर त्याच वर्षी वेल्श भाषेसाठी झगडणारी तरुणांची संघटना निघाली, आणि १९६७ साली पार्लमेंटाने वेल्श भाषेचा पहिला कायदा केला.

कारभाराची सूत्रेही हळूहळू वेल्सकडे येऊ लागली. १९६४ साली वेल्ससाठी वेगळा मंत्री नेमला गेला. पहिले मंत्री जिम ग्रिफिथ्स हे खाणीत काम केलेले, वेल्श बोलणारे. १९६९ साली आरोग्यखाते त्या मंत्र्याकडे आले. वेल्सला स्वतःचे विधिमंडळ मात्र सहजी मिळाले नाही. १९७९ च्या लोकमतात जनतेने ती कल्पना चारास एक अशा प्रमाणात फेटाळली. विरोधकांत अग्रभागी होते नील किनक, आणि तेही ट्रेडेगारचेच. बेव्हन यांच्या भागातली ती जुनी धास्ती अजून गेली नव्हती. १८ सप्टेंबर १९९७ रोजी पुन्हा कौल घेतला. या वेळी अकरा लाखांहून अधिक मतांत अवघ्या ६,७२१ मतांनी होकार मिळाला. १९९९ साली कार्डिफला विधिमंडळ भरले. आज त्याला सेनेद म्हणतात. तिथे सभासद वेल्शमध्ये बोलतो आणि इंग्रजी भाषांतर त्याच क्षणी कानयंत्रातून ऐकू येते.

या विधिमंडळाने आरोग्याच्या बाबतीत स्वतःची वाट धरली. १ एप्रिल २००७ पासून वेल्समध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध विनामूल्य झाले. बेव्हन यांनी १९५१ साली चष्म्यावर आणि कवळीवर दर बसवल्याच्या निषेधार्थ मंत्रिपद सोडले होते, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. मृत्यूनंतरच्या अवयवदानाबाबत २०१३ साली वेल्सने कायदा केला. हयातीत नकार नोंदवला नसेल तर संमती आहे असे मानावे, हे तत्त्व ब्रिटनमध्ये प्रथम त्याने आणले. आणि आरोग्य मंडळांची नावे तर ऐका. एकाला बेव्हन यांचे नाव. दुसऱ्याला वेल्शचे जुने कायदे ज्याच्या नावाने ओळखले जातात त्या हवेल द या दहाव्या शतकातल्या राजाचे. तिसऱ्याला बाला गावाकडून निघून क्रायमियाच्या युद्धात जखमींची शुश्रूषा करणाऱ्या बेट्सी कॅडवॉलडर यांचे. रुग्णालयाच्या दारावर इतिहास लिहिला गेला.

पण दाराच्या आत काय? २०१२ साली वेल्सच्या सरकारने एक धोरण जाहीर केले. त्याचे नावच ‘केवळ शब्द नव्हेत’ अशा अर्थाचे. त्याचे मर्म एका गोष्टीत आहे : वेल्शमध्ये सेवा रोग्याने मागायची नाही, ती आपण होऊन देऊ करायची. हे का, ते मराठी वाचकाला सांगायला नको. आजारी माणूस आधीच ओशाळलेला असतो. समोरच्या डॉक्टरला किंवा परिचारिकेला त्रास नको म्हणून तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत काम भागवतो. त्यालाही इंग्रजी येते, असा शेरा पडतो आणि प्रश्न मिटतो. पण वृद्धापकाळी स्मृती ढासळते, तेव्हा पुष्कळदा मागाहून शिकलेली भाषा आधी सुटू लागते आणि आईकडून आलेली तेवढी हाती उरते. चार वर्षांच्या पोराला तर दुसरी भाषा आलेलीच नसते. त्यांच्यासाठी हा हौसेचा किंवा अभिमानाचा प्रश्न नाही. रोगनिदान बरोबर होण्याचा प्रश्न आहे.

मार्च २०१८ मध्ये आरोग्यसेवेसाठी भाषेचे नियम विधिमंडळापुढे आले, आणि जुना वाद नव्या रूपात उभा राहिला. नियम मांडणाऱ्या भाषामंत्री इल्युनेड मॉर्गन. रुग्णालयांनी पत्रे, पाट्या, टेलिफोन यांत वेल्श वापरावी. रोगी दाखल झाल्यावर पहिल्याच दिवशी त्याला कोणत्या भाषेत बोलायचे आहे ते विचारावे. प्रत्यक्ष तपासणी वेल्शमध्ये किती प्रमाणात देता येईल, त्याची पाच वर्षांची योजना मंडळांनी प्रसिद्ध करावी, असे नियम होते. टीकाकार म्हणाले, यात मूळ गोष्टच नाही. डॉक्टरशी वेल्शमध्ये बोलण्याचा हक्क कुठे आहे? बहुतेकांची गाठ पडते ती गावातल्या फॅमिली डॉक्टरशी, आणि त्यालाच वगळले. पाटी वाचून कोणी बरा होतो का? सरकारचे म्हणणे, वेल्श जाणणारे डॉक्टर आणि परिचारिका मुळात थोड्या. आज हक्क लिहून दिला आणि उद्या तो पुरवता आला नाही, तर त्या हक्काला अर्थ काय? आणि सक्तीच्या भीतीने खेड्यातला आहे तो डॉक्टरही निघून गेला तर? मतदान होऊन नियम मंजूर झाले. फॅमिली डॉक्टरांसाठी पुढल्या वर्षी निराळी आणि बरीच सौम्य बंधने आली.

या वादात आपल्याकडच्या माणसांचाही संबंध येतो. १९६० नंतरच्या काळात दक्षिण वेल्सच्या दऱ्यांत, जिथे इंग्रज डॉक्टर जायला राजी नसत, तिथे भारतातून गेलेल्या अनेक डॉक्टरांनी दवाखाने चालवले. खाणी बंद पडल्या, गावे ओस पडू लागली, तरी ते तिथेच राहिले. त्यांना वेल्श येत नव्हती म्हणून त्यांची सेवा उणी होती, असे कोण म्हणेल? भाषेचा आग्रह धरताना ही माणसे विसरून चालणार नाही. आणि स्वतःची मायबोली घरी जपून परक्या भाषेत रोग्याशी बोलणे म्हणजे काय, हे या डॉक्टरांहून अधिक कोणाला ठाऊक असणार?

मग यातून वाट कोणती? वेल्समध्ये सध्या जे चालले आहे त्यातून ती थोडीशी दिसते. वेल्श जाणणारा कर्मचारी अंगावर एक नारिंगी बिल्ला लावतो. रोग्याला न विचारताच कळते की याच्याशी आपल्या भाषेत बोलता येईल. २०११ पासून वेल्शमधून उच्च शिक्षण देण्याची खटपट चालू आहे आणि २०२४ साली बँगोरला उत्तर वेल्सचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. डॉक्टर तयार व्हायला वर्षे लागतात, कायदा एका दुपारी होतो. २०२१ च्या शिरगणतीत वेल्श जाणणारे सुमारे ५ लाख ३८ हजार, म्हणजे शेकडा अठराच्या आतच भरले. सॉन्डर्स लुईस यांचे भाकीत खरे ठरले नाही, पण त्यांची चिंताही खोटी नव्हती.

वाचकहो, या साऱ्या इतिहासात बेव्हन चुकले की त्यांचे टीकाकार, असा निवाडा करण्यात अर्थ नाही. रोगाला राष्ट्र नसते, हे बेव्हन यांनी ओळखले, आणि त्या ओळखीतून गरिबाच्या दारात डॉक्टर आला. ते झाले नसते, तर भाषेचा हक्क मागायलाही पुष्कळ माणसे उरली नसती. पण रोगाला राष्ट्र नसले तरी रोग्याला भाषा असते, हे पुढच्या पिढ्यांनी त्या कायद्यात भरून काढले, आणि ते काम अजून पुरे झालेले नाही. पहिल्या गोष्टीला पैसा लागतो. दुसरीला लागतात ती माणसे : रोग्याची भाषा शिकलेली, आणि त्याने मागण्याआधी ती बोलणारी. ‘कुठे दुखतं?’ हा प्रश्न आपल्या भाषेत कानी पडला की आजाऱ्याचा अर्धा जीव भांड्यात पडतो. हे आपल्या इकडच्या दवाखान्यांतही रोज घडत असते, आणि कुठे कुठे घडायचे राहूनही जाते. वेल्सचा हा जुना वाद आपल्याला दूरचा वाटू नये, तो यासाठी.